गी उघडत नाही, उघडलं तर लिहीत नाही: यी २ च्या कोड जनरेटरची नेहमीची दुखणी

यी म्हणजे पीएचपी भाषेत सॉफ्टवेअर बांधायचं फ्रेमवर्क, आणि गी म्हणजे त्यातलं कोड लिहून देणारं साधन. लक्षणं आधी. यातलं काही दिसत असेल तर पुढं वाचा:

– पत्त्यात गी टाकलं की ‘यू आर नॉट अलाऊड टू ॲक्सेस धिस पेज’. म्हणजे ४०३.
– ४०४, पान सापडलं नाही.
– ‘गी मॉड्यूलचा क्लास अस्तित्वात नाही’ अशा अर्थाची लांबलचक एरर.
– पान उघडतं, पण उघडंबोडकं. रंग नाही, चौकटी नाहीत, नुसत्या लिंका.
– प्रिव्ह्यू छान येतो, जनरेट दाबलं की फाइल लिहिता आली नाही म्हणतं.
– टेबलात नवा कॉलम घातला, फॉर्ममध्ये काही केल्या येत नाही.
– मॉडेल तयार झालं, पण एका टेबलाचं दुसऱ्याशी नातं जोडणाऱ्या मेथड्स आल्याच नाहीत.
– मराठी किंवा कन्नड लेबलांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग.
– काल हातानं लिहिलेलं कोड आज गायब.

बेळगावात टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटाच्या अलीकडं माझं लहानसं ऑफिस आहे. पतसंस्था, निपाणीकडचे तंबाखूचे व्यापारी, उद्यमबागेतली वर्कशॉपं यांची कामं करतो आणि शनिवार-रविवारी पोरांना पीएचपी शिकवतो. यी २ येऊन जुना झाला, २०१४ चा. नवीन काम हल्ली बरेच जण लाराव्हेल या दुसऱ्या फ्रेमवर्कमध्ये करतात. पण आमच्या भागात यीमध्ये बांधलेली सॉफ्टवेअर अजून धडधडीत चालू आहेत, आणि त्यांत रोज कुणाला तरी एक नवा फॉर्म, एक नवा रिपोर्ट हवा असतो. त्यामुळं गीचे फोन थांबत नाहीत. उपाय फोनवर सांगतो तसेच इथं लिहितोय. सेटिंगची नावं ऐकून टाइप करायची सवय असलेल्यांना अडचण येणार नाही.

एवढं आधी डोक्यात ठेवा. गी तुमच्या टेबलाचा आराखडा वाचतं आणि त्यावरून मॉडेल, कंट्रोलर, फॉर्म, यादीचं पान अशा पीएचपी फाइल्स थेट तुमच्या मशीनवर लिहितं. म्हणजे ज्याला ते पान उघडता येतं, त्याला तुमच्या सर्व्हरवर कोड लिहिता येतं. म्हणून बनवणाऱ्यांनी त्याला मुद्दाम कुलपं लावलीत: ते फक्त डेव्हलपमेंटमध्ये जागं होतं, फक्त ओळखीच्या आयपीला दार उघडतं, आणि कंपोझरच्या (पीएचपीची तयार पॅकेजेस उतरवणारं साधन) डेव्ह यादीतूनच येतं. वरच्या यादीतली पहिली तीन लक्षणं म्हणजे बहुधा यातलंच एखादं कुलूप लागलेलं असतं. पोरं मात्र आधी फ्रेमवर्कच पुन्हा इन्स्टॉल करायला बसतात.

१. आधी एरर कुणाची आहे ते बघा

खर्च शून्य, वेळ एक मिनिट.

आमच्या टिळकवाडीच्या भाषेत सांगतो. ४०३ म्हणजे गेट पडलंय, रस्ता आहे. ४०४ म्हणजे तिथं रस्ताच नाही. दोन्हींचे उपाय वेगळे, म्हणून फोनवर ‘गी येईना झालंय’ एवढंच सांगितलंत तर मी काही सांगू शकत नाही.

त्यातही ४०४ दोन जातींचा. पांढऱ्या पानावर अपाचे किंवा एनजिनएक्सचं नाव असेल, तर तुमची विनंती यीपर्यंत पोचलेलीच नाही. लहान पत्ते चालवणारं रीराइट बंद आहे, किंवा एचटीॲक्सेस फाइल कॉपी करताना राहिली. ती फाइल ठिपक्यानं सुरू होते, त्यामुळं लिनक्सवर आणि मॅकवर दिसत नाही आणि पेन ड्राइव्हवर घेताना हमखास सुटते. पण ४०४ तुमच्याच साइटच्या मेनू-हेडरसकट येत असेल, तर यी चालू आहे आणि त्याला गी नावाचं मॉड्यूल ठाऊक नाही.

पत्ता दोन्ही पद्धतींनी टाकून बघा. साध्या सेटिंगमध्ये इंडेक्स डॉट पीएचपी, पुढं प्रश्नचिन्ह, मग आर बरोबर गी. असं टाकल्यावर गुपचूप होमपेजच आलं, तर प्रिटी यूआरएल चालू आहे. तेव्हा इंडेक्स डॉट पीएचपी, स्लॅश, गी असं टाका. निम्मे फोन इथंच संपतात.

२. डेव्हलपमेंट चालू आहे का

यीचा प्रोजेक्ट बेसिक किंवा ॲडव्हान्स्ड अशा तयार सांगाड्यावर, म्हणजे टेम्प्लेटवर, उभा असतो. बेसिक टेम्प्लेटमध्ये वेब फोल्डरातली इंडेक्स फाइल उघडा. वरच्या बाजूला दोन ओळी आहेत, एक डीबगची आणि एक वायआयआय-अंडरस्कोअर-ईएनव्हीची. कुणी तरी त्या कॉमेंट केल्या असतील तर यी स्वतःहून ‘प्रॉड’ (प्रॉडक्शन, म्हणजे लाइव्ह) धरतो आणि गीचा ब्लॉक वाचतही नाही. दुसऱ्याच्या लाइव्ह सर्व्हरवरून उतरवलेल्या प्रोजेक्टमध्ये असंच असतं, आणि तिथं ते बरोबरच होतं.

ॲडव्हान्स्ड टेम्प्लेट असेल तर इनिट कमांड चालवताना विचारतो: शून्य दाबा डेव्हलपमेंटसाठी, एक दाबा प्रॉडक्शनसाठी. आपल्याकडं शून्य दाबायला कुणाचा हात होत नाही. ‘पहिला पर्याय’ म्हणून एक दाबतात, आणि लोकल कन्फिगमध्ये गी येतच नाही. इनिट पुन्हा चालवा आणि शून्य निवडा. फक्त ओव्हरराइट करू का असं विचारेल तेव्हा डेटाबेसच्या पासवर्डाची फाइल आधी बाजूला ठेवा.

याच पायरीवरची आणखी एक गंमत. गीचा ब्लॉक कन्फिग फाइलच्या शेवटी, ‘रिटर्न कन्फिग’च्या खाली चिकटवलेला. रिटर्नच्या खालची ओळ कधी चालतच नाही. एरर नाही, काही नाही, नुसता ४०४. डोळ्यांसमोर असून दिसत नाही. मी स्वतः एकदा अर्धी दुपार त्यावर घालवली आहे.

आणि ब्लॉकमध्ये दोन गोष्टी लागतात: बूटस्ट्रॅपच्या यादीत गी, आणि मॉड्यूल्समध्ये गी. कमांड लाइनवर ‘अननोन कमांड’ म्हणत असेल तर कन्सोलच्या कन्फिगमध्ये बूटस्ट्रॅपची ओळ नाही. वेब आणि कन्सोल या दोन वेगळ्या फाइल्स आहेत, एकीत लिहिलेलं दुसरीला कळत नाही.

३. ४०३: दार कुणासाठी उघडायचं

खानापूरचा एक विद्यार्थी. रात्रीचा फोन.

“सर, काल चालत होतं की! आज येईना झालंय.”

“काल कुठून उघडला होतास?”

“माझ्याच लॅपटॉपवर.”

“आणि आज?”

“आज मोबाइलवरनं बघतोय की. मामाला दाखवायचं होतं.”

संपलं. गी मुळात दोनच पत्त्यांना ओळखतं: १२७.०.०.१ आणि त्याचं आयपीव्ही-६ मधलं रूप. म्हणजे ज्या मशीनवर सर्व्हर चालू आहे, तेच मशीन. मोबाइल वायफायवर असला तरी त्याचा पत्ता १९२.१६८ नं सुरू होणारा असतो, तो यादीत नाही. वर्कशॉपात एका कोपऱ्यात सर्व्हर आणि टेबलावर दुसरं मशीन अशी मांडणी असते, तिथंही हेच होतं.

इथं अंदाज करत बसू नका. रनटाइम फोल्डरात लॉग्जमध्ये ॲप डॉट लॉग नावाची फाइल आहे, तिचा शेवट बघा. गीनं दार बंद केलं की तिथं इशारा लिहून ठेवतं: आयपीच्या निर्बंधामुळं प्रवेश नाकारला, आणि पुढं ज्यानं मागितलं त्याचा आयपी. तो आयपी कॉपी करायचा, मॉड्यूलच्या ‘अलाऊड आयपीज’च्या यादीत टाकायचा. बेसिक टेम्प्लेटमध्ये ती ओळ तयार आहे, फक्त कॉमेंट केलेली. राउटर रोज नवा आयपी देत असेल तर शेवटच्या आकड्याच्या जागी चांदणी चालते, १९२.१६८.१ पर्यंत लिहायचं, मग ठिपका आणि चांदणी. स्वतःचे दोन लोकल पत्ते यादीत पुन्हा लिहायला विसरू नका. नवी यादी जुनीच्या जागी बसते, तिच्यात मिसळत नाही. मोबाइलवर सुरू झालं आणि लॅपटॉपवर बंद पडलं, असा फोन दुसऱ्या दिवशी येतो तो यामुळंच.

डॉकरवाल्यांचा, म्हणजे मशीनच्या आतच कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात साइट चालवणाऱ्यांचा, घोळ वेगळा. ब्राउझर तुमच्याच मशीनवर असतो, पत्ता लोकलहोस्टच असतो, तरी ४०३. कारण कंटेनरच्या आतून बघितलं तर विनंती डॉकरच्या पुलावरून येते, तिचा पत्ता १७२ नं सुरू होणारा. लॉगमध्ये तोच दिसेल.

यादीत नुसती चांदणी टाकून मोकळं होऊ नका. तशानं चालतं, नक्की चालतं. पण मग ती ओळ तशीच लाइव्हवर जाते, आणि त्याचं काय होतं ते शेवटी सांगतो.

४. फाइल्स जागेवर आहेत का

क्लास सापडत नाही म्हटलं तर व्हेंडर फोल्डरात यीसॉफ्टच्या आत यी२-गी नावाचा फोल्डर आहे का बघा. नसेल तर दोन कारणं. एक, कुणीतरी कंपोझर इन्स्टॉल ‘नो-डेव्ह’ लावून चालवलं. गी कंपोझरच्या डेव्ह यादीत असतं, त्या पर्यायानं ते गळतं. दोन, इन्स्टॉल होत असताना लाइट गेली किंवा नेट तुटलं आणि व्हेंडर अर्धवट राहिलं. दोन्हींवर उपाय एकच: व्हेंडर फोल्डर उडवा आणि कंपोझर इन्स्टॉल साधं, पूर्ण होऊ द्या. दुसऱ्याचं व्हेंडर पेन ड्राइव्हवर आणून टाकणं बंद करा. एकदा चालतं, तीनदा रडवतं.

‘ऑब्जेक्ट हे नाव राखीव आहे’ अशी एरर आली तर गीला दोष देऊ नका. पीएचपी ७.२ पासून ते नाव क्लासला देता येत नाही, आणि जुन्या यीमध्ये मूळ क्लासचं नाव तेच होतं. यी २.०.१३ पासून बेसऑब्जेक्ट आलं. नवीन झॅम्पवर (पीएचपी, डेटाबेस आणि सर्व्हरचा तयार संच) जुना प्रोजेक्ट उतरवला की हे होतं. स्वतःचा प्रोजेक्ट असेल तर यी अपडेट करा. गिऱ्हाइकाचा चालता प्रोजेक्ट असेल तर जुनी पीएचपी असलेलं मशीन शोधा आणि अपडेटचा विषय वेगळा, पैसे ठरवून, नंतर काढा.

उघडंबोडकं पान आलं तर वेब फोल्डरातल्या असेट्सच्या आतलं सगळं पुसा, फोल्डर मात्र ठेवा, आणि पान पुन्हा उघडा. यी ते स्वतः परत भरतो. भरता येत नसेल तर ‘लिहिता येत नाही’ अशी स्पष्ट एरर देईल, तेव्हा सातवी पायरी बघा.

५. मॉडेल आणि क्रड: नावं आणि प्रायमरी की

इथून पुढं गी उघडलेलं आहे, पण ऐकत नाही.

क्रड म्हणजे नोंद घालणं, बघणं, बदलणं आणि पुसणं याची पानं. गीमधल्या क्रडच्या पानावर मॉडेल क्लासच्या रकान्यात पोरं नुसतं ‘सभासद’ लिहितात. तिथं पूर्ण नाव लागतं, नेमस्पेससकट: ॲप, मॉडेल्स, मग सभासद, मधल्या रेघा उलट्या. सर्च मॉडेल आणि कंट्रोलरचंही तसंच. सर्च मॉडेलला मॉडेलचंच नाव देऊ नका, मागं ‘सर्च’ जोडा. विंडोजवर लहान-मोठ्या अक्षरांचा फरक चालून जातो, लिनक्स सर्व्हरवर नाही. ‘माझ्याकडं चालतं, तिकडं चालत नाही’ याचं कारण दर दोन महिन्यांनी हेच निघतं.

‘टेबलाला प्रायमरी की हवी’ असं म्हटलं तर तो हट्ट नाही. प्रायमरी की नसेल तर ‘ही नोंद बदला’ म्हटल्यावर कुठली नोंद, हे त्याला कळणार कसं? हे बहुतेक एक्सेलमधून आलेल्या टेबलांत होतं. पीएचपीमायॲडमिनमध्ये सीएसव्ही टाकली की टेबलाचं नाव ‘टेबल १’ आणि कॉलमांची नावं ‘कॉल १’, ‘कॉल २’ अशी पडलेली मी कितीदा पाहिलीत. एका वखारीची वजनाची वही अशीच आली होती. आधी नीट नावाचं टेबल बनवा, आयडी कॉलमला प्रायमरी की आणि ऑटो इन्क्रिमेंट लावा, मग त्यात डेटा हलवा. त्यानंतरच गी.

६. नवा कॉलम फॉर्ममध्ये येत नाही

ही तक्रार सगळ्यांत जास्त आणि कारण सगळ्यांत साधं: क्रम चुकलेला असतो.

फॉर्म बनवताना गी टेबलाकडं नाही, मॉडेलकडं बघतं. मॉडेलच्या रूल्समध्ये ज्या कॉलमांची नोंद आहे, तेवढ्यांचेच रकाने फॉर्मवर येतात. तुम्ही टेबलात ‘मोबाइल’ कॉलम घातला आणि थेट क्रड जनरेट केलं, तर मॉडेल जुनंच, रूल्स जुने, फॉर्मही जुनाच. क्रम असा: टेबल, मग मॉडेल पुन्हा जनरेट, मग क्रड.

एवढं करूनही आला नाही तर स्कीमा कॅश बघा. डेटाबेसच्या कन्फिगमध्ये ‘एनेबल स्कीमा कॅश’ चालू असेल तर यी टेबलाचा आराखडा जपून ठेवतो, मुदत न दिल्यास ३६०० सेकंद, म्हणजे तासभर. तेवढा वेळ त्याला नवा कॉलम माहीतच नसतो. कमांड लाइनवर यीची कॅश-स्लॅश-फ्लश-स्कीमा कमांड चालवा, नाहीतर रनटाइममधला कॅश फोल्डर रिकामा करा. डेव्हलपमेंटच्या मशीनवर हे सेटिंग बंदच ठेवा. तिथं त्याचा उपयोग काहीच नाही. ‘चहा पिऊन आलो आणि आपोआप सुरू झालं’ असं सांगणारे भेटतात, त्यांचं रहस्य हा तासभर आहे.

७. जनरेट दाबलं, फाइल लिहिली नाही

विंडोजवर हे क्वचित. लिनक्सवर ब्राउझरमधलं गी तुमच्या नावानं चालत नाही, वेब सर्व्हरच्या युजरनं चालतं, उबुंटूवर त्याचं नाव डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा. त्याला मॉडेल्स आणि कंट्रोलर्स फोल्डरात लिहायची मुभा नसते. असायलाही नको.

बहुतेक जण इथं सगळ्या प्रोजेक्टला ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी मुभा, करून टाकतात. त्याची गरज नाही. दोन सोपे मार्ग आहेत. पहिला, यीचा स्वतःचा सर्व्ह कमांड चालवा. साइट लोकलहोस्टवर ८०८० पोर्टला उघडते, ती तुमच्याच युजरनं चालते आणि आयपीही लोकलच, म्हणजे तिसऱ्या पायरीचाही प्रश्न नाही. दुसरा, ब्राउझर सोडून द्या आणि कमांड लाइनवर गी-स्लॅश-मॉडेल आणि गी-स्लॅश-क्रड वापरा. मी स्वतः आता बहुधा हेच करतो. कमांड हिस्टरीत राहते, पुढच्या वेळी वरचा बाण दाबायचा.

उलटा प्रकारही होतो: गीनं फाइल लिहिली, पण तिचा मालक वेब सर्व्हर, मग तुमच्या एडिटरला सेव्ह करता येत नाही. उपाय वरचाच.

८. नाती आली नाहीत

सभासदाच्या टेबलात ‘तालुका आयडी’ कॉलम आहे, तरी मॉडेलमध्ये गेट-तालुका नाही. गी कॉलमच्या नावावरून नातं ओळखत नाही. डेटाबेसमध्ये फॉरेन की (एका टेबलाचा कॉलम दुसऱ्या टेबलाच्या नोंदीला बांधणारी अट) लावलेली असेल तरच ओळखतं.

टेबलाचं इंजिन बघा. मायसॅम असेल तर फॉरेन की लावलीत तरी मायएसक्यूएल ती मुकाट्यानं सोडून देतं, एररही देत नाही. ५.५ पासून नवं टेबल आपोआप इनोडीबी होतं, पण जुन्या बॅकअपच्या फाइलीत मायसॅम लिहिलेलं असलं की टेबल मायसॅमच बनतं. इंजिन इनोडीबी करा, दोन्हीकडच्या कॉलमांचा प्रकार तंतोतंत सारखा करा. एकीकडं साधा इंट आणि दुसरीकडं अनसाइन्ड चालत नाही. मग फॉरेन की लावा.

आणि इथं १४५२ क्रमांकाची एरर येते, तेव्हा खरी मजा सुरू होते. त्याचा अर्थ, ज्याचा आधारच नाही अशा नोंदी टेबलात आहेत. एका संस्थेच्या डेटात मी यात अडकलो होतो. निपाणी चिक्कोडीतून वेगळा तालुका झाल्यावर कुणीतरी तालुक्यांच्या टेबलात थेट हात घातला होता. जुनी ओळ पुसली आणि नव्या क्रमांकांनी दोन ओळी घातल्या. सभासद मात्र जुन्याच क्रमांकाला लटकलेले. फॉरेन की नव्हती म्हणून कुणी अडवलं नाही. पत्त्यांच्या रिपोर्टमध्ये तालुक्याचा रकाना रिकामा यायचा आणि लोक पेनानं भरायचे. गीनं नातं बनवायला नकार दिला म्हणून ते उघडकीला आलं. कुठला सभासद कुठल्या तालुक्यात हे गाव बघून क्लार्कबाईंनी ठरवलं, मी नाही. ते काम प्रोग्रामरचं नव्हेच.

नाती आली की नावं बघून हसू येतं, एवढं सांगून ठेवतो. गीचं अनेकवचन इंग्रजी. सभासदचं ‘सभासद्स’, गावचं ‘गाव्स’. चालतं तसंच ठेवा. एका पोरानं हातानं ‘गावे’ केलं, पुढच्या जनरेटला पुन्हा ‘गाव्स’ झालं आणि निम्मं सॉफ्टवेअर एरर द्यायला लागलं.

९. मराठी, कन्नड आणि प्रश्नचिन्हं

आपल्या भागात एकाच फॉर्मवर तीन भाषा मागतात. संस्थेचे सभासद मराठी वाचणारे, सरकारी कागद कन्नडमध्ये, आणि ऑडिटरला इंग्रजी. त्यामुळं हा भाग पुण्याच्या माणसाला लागत नसेल, आपल्याला रोज लागतो.

प्रश्नचिन्हं दिसली तर टेबलाचं कॅरेक्टर सेट लॅटिन-१ आहे का बघा. त्यात देवनागरी मावत नाही, कन्नडही नाही. यूटीएफ-८ एमबी-४ करा, आणि डेटाबेसच्या कन्फिगमध्ये चारसेटही तेच लिहा. नुसतं जुनं यूटीएफ-८ असलं तरी मराठी आणि कन्नड दोन्ही चालतात, कारण या लिप्यांची अक्षरं तीन बाइटांत बसतात. अडतं ते इमोजीवर, त्यांना चार लागतात. आणि हो, एकदा प्रश्नचिन्ह म्हणून सेव्ह झालेला डेटा चारसेट बदलून परत येत नाही. तो पुन्हा भरावाच लागतो. गिऱ्हाइकाला हे आधी सांगा.

लेबलांसाठी गीमध्ये दोन सोयी आहेत. पहिली, डेटाबेसच्या कॉमेंटमधून लेबल घे. कॉलमच्या कॉमेंटमध्ये ‘सभासदाचे नाव’ लिहून ठेवलं की मॉडेलमध्ये तेच लेबल येतं. एकभाषी कामाला ही सोय झकास. पण हातानं एसक्यूएल लिहून कॉमेंट घालणार असाल तर सांभाळून: मॉडिफाय करताना कॉलमची पूर्ण व्याख्या पुन्हा लिहावी लागते, नाहीतर नॉट नल आणि डीफॉल्ट उडतात.

दुसरी, आय१८एनचा चौकोन. त्यावर टिक केली की प्रत्येक लेबल भाषांतराच्या फंक्शनमध्ये गुंडाळलं जातं. तीन भाषा हव्यात तर हीच. अशा वेळी मूळ लेबल इंग्रजीच राहू द्या. मेसेजेस फोल्डरात मराठीला एमआर आणि कन्नडला केएन असे दोन फोल्डर करून त्यांत ॲप नावाची फाइल ठेवा. मी आधी शहाणपणा करून मूळ लेबलं कॉमेंटमधून मराठीत घेतली होती. यी मूळ भाषा इंग्रजी धरून चालतो, त्यामुळं इंग्रजी निवडल्यावर भाषांतर शोधायलाच जात नाही आणि मराठी दाखवतो. ऑडिटर साहेबांनी फोन करून विचारलं, “इंग्लिशवर दाबलं की मराठी का येतंय?”

१०. हातचं कोड पुसलं गेलं

प्रिव्ह्यूमध्ये प्रत्येक फाइलीपुढं ती नवी आहे, तशीच आहे की वर लिहिली जाणार आहे, हे दिसतं. वर लिहिण्याची टिक गी स्वतःहून लावत नाही. आपणच वरच्या चौकोनावर टिक करून सगळं एकदम निवडतो. शेजारी ‘डिफ’ची लिंक असते, ती उघडा. लाल ओळी जाणार, हिरव्या येणार.

कायमचा उपाय: मॉडेल दोन थरांत ठेवा. गीनं बनवलेलं मॉडेल ‘बेस’ नावाच्या फोल्डरात. त्यावरून उतरलेला तुमचा क्लास बाहेर, स्वतःचं सगळं कोड त्यात. मग बेस कितीदाही जनरेट करा. आणि जनरेट दाबण्याआधी गिटमध्ये (कोडच्या जुन्या आवृत्त्या जपणारं साधन) कमिट. गिट नसेल आणि व्हीएस कोडमध्ये लिहिलं असेल, तर फाइलीच्या टाइमलाइनमध्ये जुन्या सेव्ह सापडतात का बघा. त्याआधी काही पुन्हा सेव्ह करू नका.

इथं थांबा आणि माणूस बोलवा

लाइव्ह साइटच्या पत्त्यापुढं गी टाकलं आणि पान उघडलं, तर पुढचं काही स्वतः दुरुस्त करत बसू नका. वातावरण प्रॉड करा, डीबग बंद करा, कंपोझर नो-डेव्हनं चालवा, आणि लगेच सर्व्हरची सुरक्षा समजणारा माणूस गाठा. ‘आयपीची यादी लोकलच आहे, मग कसं उघडलं’ असं वाटेल. पुढं एनजिनएक्सचा प्रॉक्सी त्याच मशीनवर बसवला असेल तर यीला सगळं जग १२७.०.०.१ वरूनच आल्यासारखं दिसतं. दार किती दिवस उघडं होतं आणि कुणी काय लिहून ठेवलं, हे लॉगमधून काढणं तुमचं-माझं काम नाही. डेटाबेसचा पासवर्ड आणि कुकी व्हॅलिडेशन की तेवढी त्याच दिवशी बदला.

आठव्या पायरीतल्या अनाथ नोंदी पैशांच्या टेबलात निघाल्या, ठेवी, कर्ज, हप्ते, तर तिथंही हात काढा. बॅकअप घ्या, तो दुसऱ्या मशीनवर उतरवून खरंच उघडतो का बघा, आणि संस्थेचा हिशेबनीस व डेटाबेसचं काम करणारा माणूस दोघांना एकत्र बसवा.

शेअर्ड होस्टिंगवर परवानग्यांचा घोळ एका तासात सुटला नाही तर तिथं गी चालवायचा नाद सोडा. कोड लॅपटॉपवर बनवा आणि वर चढवा.

मला फोन करणार असाल तर एररचा पूर्ण स्क्रीनशॉट, ॲप डॉट लॉगच्या शेवटच्या वीस ओळी आणि कन्फिगमधला गीचा ब्लॉक आधी पाठवा. पासवर्ड खोडून. स्क्रीनचा तिरका फोटो नको, त्यात आयपीचा शेवटचा आकडा नेमका बोटाखाली असतो.